मेंदूला वळण लावता येतं का?

मोह आवरणं, पुढचा विचार करणं, हातातलं काम अर्ध्यावर न सोडणं, हे सगळं खातं कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सकडे. मेंदूचा हा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. त्यामुळे सात वर्षांच्या पोराला ‘एका जागी बस’ म्हणून कितीही ओरडलं, तरी फारसा उपयोग होत नाही. न्यूरोफीडबॅकने, म्हणजे मेंदूच्या लहरी मोजून त्या पडद्यावर दाखवत, याच भागाला तालीम देता येते, असा दावा केला जातो.

डोक्याला इलेक्ट्रोड लावून संगणक मेंदूच्या विद्युतलहरी मोजतो. चंचल मुलांमध्ये सहसा सेकंदाला 4 ते 8 आवर्तनांच्या थीटा लहरी कमी करायच्या आणि वेगवान बीटा वाढवायच्या, असा बेत असतो. लहरी हव्या तशा झाल्या की पडद्यावरचं विमान वर चढतं, बिघडल्या की खाली येतं. त्यासाठी नेमकं काय करायचं, हे मुलाने चाचपडत शोधायचं.

याची सुरुवात झाली मांजरांपासून. 1960च्या दशकात कॅलिफोर्नियात मेंदूसंशोधक बॅरी स्टरमन यांनी मांजरांना 12 ते 15 आवर्तनांची लहर काढायला शिकवलं. जमलं की खाऊ. पुढे रॉकेटच्या इंधनातल्या एका विषारी रसायनाची चाचणी करताना दिसलं, की याच शिकवलेल्या मांजरांना झटके उशिरा येतात. मांजरांना तर आपल्यावर उपचार चाललेत याचा पत्ताही नव्हता! स्टरमन मग अपस्माराच्या रुग्णांकडे वळले.

माणसाच्या कपाळावर मात्र मोजणंच अवघड. खाली डोळे आहेत. पापणी लवली की उठणारा विद्युत संकेत मेंदूच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठा असतो, शिवाय कपाळाच्या स्नायूंची खरखर. हे नीट गाळलं नाही, तर मूल मेंदूऐवजी पापण्यांनाच तालीम देत बसेल.

आणि परिणाम? अमेरिकेत एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेल्या 7 ते 10 वर्षांच्या सुमारे 140 मुलांवर एक काटेकोर चाचणी झाली. निष्कर्ष 2021 मध्ये आले. प्रत्येकाची 38 सत्रं. काहींना खरा फीडबॅक दिला, बाकीच्यांना लुटुपुटूचा, म्हणजे पडद्याचा त्यांच्या स्वतःच्या लहरींशी संबंधच नव्हता. कोणाला काय मिळतंय हे मुलांना, पालकांना, शिकवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. लक्ष दोन्ही गटांचं सुधारलं, जवळपास सारखंच.

म्हणजे मुलं सुधारली हे खरंच, पण श्रेय लहरींचं म्हणता येत नाही. नेमाने येऊन बसणं, कौतुक, पालकांची आशा, वाढतं वय, यांतलं काहीही असू शकेल. तेव्हा न्यूरोफीडबॅकचं महागडं पॅकेज घेण्याआधी केंद्राला विचारावं: लुटुपुटूच्या सत्रांपेक्षा तुमची सत्रं सरस ठरल्याचा पुरावा कुठे आहे?