तलवार खरंच २५ किलोची होती?

शिवजयंती जवळ आली की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हमखास फिरतं: पूर्वीच्या योद्ध्यांची तलवार २५ किलोची असायची. मिरवणुकीसाठी शस्त्रं बनवून घेण्याआधी साधा हिशेब मांडा. पातं ८० सेंमी लांब, साडेतीन सेंमी रुंद, ४ मिमी जाड. म्हणजे ११२ घनसेंमी. पोलाद घनसेंमीला साधारण ७.८५ ग्रॅम. झाले जेमतेम ८८० ग्रॅम! मूठ धरून किलोच्या आसपास. २५ किलो भरायला तेच पातं ११ सेंमी जाड हवं. ते म्यानात जाणार कसं? काचेआडची तलवार कुणाला उचलता येत नाही, म्हणून समज टिकला. संग्रहालयात पातं समोरून नको, बाजूने पाहा. कड्यांचं चिलखत मात्र खरंच जड, दहा किलोच्या घरात. पण कमरपट्टा आवळला की बराच भार खांद्यांवरून उतरतो.