ओल्या प्लेटचा होल्डर आणि फिल्मचा होल्डर : घरी बनवण्याआधी कळायला हवा तो फरक

होल्डर म्हणजे फिल्म किंवा काचेची प्लेट उजेडापासून जपत कॅमेऱ्यात बसवायची चौकट. ओल्या प्लेटचा आणि फिल्मचा होल्डर टेबलावर शेजारीशेजारी ठेवले तर दोघांत फारसा फरक दिसत नाही. दोन्ही चपटे, दोन्ही कॅमेऱ्याच्या पाठीत सरकणारे, दोन्हींना ओढून काढायची डार्क स्लाइड, म्हणजे उजेड अडवणारी पातळ पाटी. त्यामुळे घरच्या घरी कलोडियनचं काम, म्हणजे काचेवर चिकट रसायनाचा ओला थर देऊन फोटो काढण्याची जुनी पद्धत, उभं करू पाहणाऱ्याला वाटतं, जुना फिल्म होल्डर मिळाला की झालं; आत फिल्मऐवजी काच बसवायची. काच कशीबशी बसतेही. पण मग चेहऱ्याच्या फोटोत डोळे धूसर आणि कान लख्ख येतात, खालच्या कडेवरून तपकिरी ओघळ वर चढतात, कोपऱ्यांपाशी काळे ठिपके उमटतात. दोष दिला जातो कलोडियनला, डेव्हलपरला, नाहीतर भिंगाला. कारण पुष्कळदा होल्डरमध्ये असतं.

कॅमेऱ्याची पेटी, भाता, सिल्व्हर बाथची (सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाची) टाकी, प्लेटा सुकवायची घोडी अशा घरी करण्यासारख्या सगळ्या सामानात माझ्या मते सर्वांत जास्त विचार होल्डरला लागतो. पेटी ओबडधोबड असली तरी चित्र उत्तम येऊ शकतं. होल्डरला ती सूट नाही.

फरक सुरू होतो तो आत काय ठेवायचं आहे इथून. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी मार्च १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत काचेवर आयोडाइड-ब्रोमाइड मिसळलेलं कलोडियन ओततात, ते जरा घट्ट झालं की काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तीन-चार मिनिटं बुडवतात, आणि ओली असतानाच होल्डरमध्ये घालून कॅमेऱ्यात नेतात. हाताशी साधारण दहा मिनिटं असतात. तेवढ्यात एक्स्पोजर आणि डेव्हलपिंग दोन्ही व्हायला हवं, कारण पाणी उडू लागलं की वर राहिलेलं सिल्व्हर नायट्रेट तीव्र होत जातं, त्याचे स्फटिक धरतात आणि थराची संवेदनक्षमता संपते. म्हणजे या होल्डरच्या पोटात जे जातं ते निथळणारं, आम्लधर्मी, लाकूड काळं करणारं आणि बहुतेक धातूंवर क्रिया करणारं द्रावण असतं. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली, पुढे कारखान्यात तयार झालेल्या प्लेटा आणि मग फिल्म आली, आणि होल्डर बनवणाऱ्याच्या डोक्यावरचं हे ओझं उतरलं. फिल्मच्या होल्डरला दोनच गोष्टी सांभाळायच्या असतात: आत उजेड शिरू द्यायचा नाही आणि फिल्म सपाट ठेवायची.

फिल्म होल्डरला दोन बाजू असण्याचं कारणही हेच. कोरडा माल आधी भरून ठेवता येतो, म्हणून एका होल्डरमध्ये पाठीला पाठ लावून दोन. ओली प्लेट एका वेळी एकच तयार होते, म्हणून तिचा होल्डर एकेरी, मागे दार असलेला.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मी थोडा वेळ घेणार आहे. फिल्म होल्डरमध्ये मधोमध एक पातळ पत्रा असतो. फिल्म पुढच्या बाजूने, दोन्ही कडांच्या पट्ट्यांखालून सरकवतात आणि तिची पाठ या पत्र्यावर टेकते. म्हणजे अंतर मोजलं जातं ते फिल्मच्या पाठीपासून. ४×५ इंचाच्या होल्डरसाठी प्रमाण असं ठरलेलं आहे: कॅमेऱ्याला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून पत्र्यापर्यंत ०.१९७ इंच, म्हणजे ५ मिलिमीटर. फिल्म असते जेमतेम ०.१८ मिलिमीटर जाड, आणि सगळ्या फिल्मा जवळपास तेवढ्याच, म्हणून हिशेब नेहमी जुळतो.

ओल्या प्लेटच्या होल्डरमध्ये प्लेट मागच्या दारातून आत जाते आणि तिचा संवेदनशील चेहराच चार कोपऱ्यांच्या आधारांवर टेकतो. मागून स्प्रिंग तिला पुढे दाबून धरते. अंतर मोजलं जातं चेहऱ्यापासून. त्यामुळे आज २ मिलिमीटरची काच घ्या, उद्या ३ ची, परवा टिनटाइपसाठी (काचेऐवजी पत्र्यावर घेतलेल्या फोटोसाठी) अर्ध्या मिलिमीटरचा काळा पत्रा घ्या. कलोडियनचा थर त्याच जागी राहतो. या साध्या रचनेत जी हुशारी आहे तिचं मला फार कौतुक वाटतं. जाडीचा प्रश्न सोडवलेला नाही, तो उद्भवूच दिलेला नाही.

हीच गोष्ट फिल्म होल्डरमध्ये काच घातल्यावर कशी बिघडते ते आकड्यांत पाहू. २ मिलिमीटरची काच मधल्या पत्र्यावर टेकवली, तर तिचा चेहरा फिल्मच्या जागेपेक्षा सुमारे १.८ मिलिमीटर भिंगाकडे पुढे येतो. २१० मिलिमीटरचं भिंग आणि समोर दीड मीटरवर माणूस असेल, तर डोळ्यांवर केलेला फोकस जवळजवळ ७ सेंटिमीटर मागे जाऊन पडतो, म्हणजे कानांच्या आसपास. हा फरक फोकसच्या खोलीत, म्हणजे फोकसच्या पुढे-मागे जेवढा पट्टा स्पष्ट येतो त्यात, जिरून जाईल अशी आशा धरू नये. प्लेटवर ०.१ मिलिमीटरचा धूसर ठिपका चालवून घेतला तरी एफ ५.६ ला (हा आकडा जितका लहान तितकं भिंगाचं तोंड मोठं) प्लेटच्या जागेतली सूट पुढे-मागे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असते. कलोडियन इतकं मंद असतं की भिंगाचं तोंड बारीक करणं परवडत नाही. जुन्या पेट्झव्हाल भिंगांवर तर एफ ३.६ च्या आसपासच काम चालतं आणि सूट आणखी घटते. आणि ही पद्धत केसाएवढा तपशील टिपणारी, त्यामुळे चूक लपत नाही.

फिल्म होल्डर कापून वापरायचाच असेल, तर हे ध्यानात ठेवून कापावा. मधला पत्रा प्लेटच्या मापाने कापून काढायचा, आणि चार कोपऱ्यांत असे आधार चिकटवायचे की त्यांची मागची बाजू, जिथे प्लेटचा चेहरा टेकणार, बरोबर फिल्मच्या चेहऱ्याच्या जागी यावी: पुढच्या पृष्ठभागापासून ४.८ मिलिमीटर. प्लेट मागच्या बाजूने घालायची, आणि मागच्या डार्क स्लाइडने दाराचं काम करायचं. ४×५ च्या होल्डरमध्ये ३¼×४¼ इंचाची क्वार्टर प्लेट मोकळेपणाने बसते. पूर्ण ४×५ ची काच बसवण्याचा हट्ट धरला तर कडेच्या पट्ट्या आड येतात आणि कोपऱ्यांना आधार द्यायला जागाच उरत नाही.

असा होल्डर शिकण्यापुरता चांगला असतो. तो टिकत मात्र नाही, आणि त्याला कारण ते द्रावण.

प्लेट बाथमधून काढून कितीही निथळली तरी होल्डरमध्ये उभी केल्यावर तिच्या खालच्या कडेशी द्रावण जमतंच. फिल्म होल्डर उभा धरला की त्याचं खालचं टोक कोणतं असतं? फिल्म भरायची झडप, आणि तिला धरणारी कापडी बिजागरी. ते कापड सिल्व्हर नायट्रेट शोषून घेतं, त्यात धूळ, जुनी फिल्म, डिंक यांचा अंश असतो, आणि मग पुढच्या प्लेटच्या खालच्या कडेवरून मळलेलं द्रावण वर चढतं. त्यातून शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे, लाटालाटांचे करडे-तपकिरी डाग उमटतात. वरच्या टोकाला, जिथून डार्क स्लाइड जाते, तिथे मखमल असते. तिचे तंतू कोरड्या फिल्मवरून फुंकरीने उडवता येतात. ओल्या कलोडियनवर पडलेला तंतू चित्रातच राहतो.

ओल्या प्लेटसाठी बनवलेल्या होल्डरमध्ये खालच्या कडेला मुद्दाम एक पन्हळ ठेवलेली असते. आधाराच्या खाली, प्लेटला न टेकणारी, आणि बोट किंवा कापड घालून पुसता येईल एवढी रुंद. तिच्यात टिपकागदाची पट्टी ठेवायची आणि दर प्लेटला बदलायची. डार्क स्लाइडची फट नेहमी वर. प्लेट भरल्यापासून डेव्हलप करेपर्यंत होल्डरचं खालचं टोक खालीच राहिलं पाहिजे, कारण तो एकदा जरी उलटा किंवा आडवा झाला तरी जमलेलं द्रावण चित्रावरून परत वाहत जातं. म्हणून घरी बनवताना उभ्या आणि आडव्या चित्रासाठी होल्डर फिरवायची सोय करू नये. चौरस पाठीचा होल्डर करून त्यात प्लेट हवी तशी उभी-आडवी बसवता येईल असे दोन आतले चौकट-तुकडे करावेत. पन्हळ दोन्ही वेळा तळाशीच राहते.

कोपऱ्यांच्या आधारांना जुने कारागीर चांदीची तार वापरत, आणि ते दिखाव्यासाठी नव्हतं. तांबं, पितळ, लोखंड, ॲल्युमिनियम यांपैकी काहीही सिल्व्हर नायट्रेटला लागलं की तो धातू विरघळतो आणि द्रावणातली चांदी काळ्या भुकटीच्या रूपात बाहेर पडते. ती भुकटी म्हणजे कोपऱ्यांपाशी दिसणारे काळे ठिपके. चांदीवर चांदीच्या क्षाराची क्रिया होत नाही. तार शुद्ध चांदीचीच घ्यावी, कारण दागिन्यांच्या चांदीत बहुधा तांबं मिसळलेलं असतं. तार नको असेल तर ॲक्रिलिकचे छोटे त्रिकोणी तुकडेही चालतात. चित्राच्या चार कोपऱ्यांत त्यांची खूण राहते. ती लपवायची गरज मला कधी वाटलेली नाही.

लाकूड कठीण आणि बारीक रेषांचं घ्यावं. कच्चं लाकूड द्रावण पितं, काळं पडतं, फुगतं, आणि फुगलेल्या होल्डरचं अंतर बदलतं. लाखेच्या पॉलिशचे बरेच पातळ हात देण्याची जुनी रीत अजूनही चांगली आहे, फक्त एक लक्षात असू द्यावं की लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. प्लेटांमधून बाथमध्ये अल्कोहोल आणि ईथर थोडं थोडं उतरत असतं, तेव्हा तळाच्या पन्हळीला लाखेऐवजी इपॉक्सीचा हात द्यावा. थ्रीडी प्रिंट केलेल्या होल्डरलाही तोच न्याय: थरांमधल्या बारीक फटी द्रावण धरून ठेवतात, म्हणून आतून इपॉक्सी हवंच.

मागच्या दाराची स्प्रिंग काचेला काही करत नाही, पण टिनटाइपचा पातळ पत्रा मधोमध दाबला की पुढे फुगतो आणि चेहऱ्यावरून मोजलेलं अंतर तिथेच वाया जातं. पत्र्याच्या मागे त्याच मापाची एक काच ठेवली की दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. स्प्रिंग स्टीलची असेल तर तिच्या टोकाला प्लास्टिकची टोपी घालावी, आणि प्लेट आत ठेवण्याआधी तिची पाठ पुसून घ्यावी.

उजेडाच्या बाबतीत मात्र ओल्या प्लेटच्या होल्डरला सवलत आहे. फिल्म आत आठवडेच्या आठवडे राहू शकते, ओली प्लेट काही मिनिटं. शिवाय कलोडियनला फक्त निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश दिसतो. म्हणून मखमलीवर अवलंबून न राहता दाराला आणि चौकटीला एकमेकांत बसणाऱ्या पायरीसारख्या खाचा पाडल्या तर पुरतं. खात्री करायची तर आत फोटोचा कागद ठेवून होल्डर दहा मिनिटं उन्हात ठेवावा आणि कागद डेव्हलप करून पाहावा.

अंतराची परीक्षा एक्स्पोजरच्या आधी, कोरड्या काचेवर करावी. कॅमेऱ्याच्या दुधी काचेची खरखरीत बाजू भिंगाकडे असते. तिच्या चौकटीच्या कॅमेऱ्याला टेकणाऱ्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवून व्हर्नियर कॅलिपरच्या मागच्या दांडीने त्या खरखरीत बाजूपर्यंतची खोली मोजायची. मग होल्डरमध्ये प्लेट घालून, डार्क स्लाइड काढून, तिच्या चेहऱ्यापर्यंतची खोली तशीच चारही कोपऱ्यांत मोजायची. पट्टीची जाडी दोन्हीकडे सारखीच वजा होते. फरक ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर काम सुरू करावं. जास्त असेल तर होल्डरला हात लावू नये; दुधी काचेच्या चौकटीखाली कागदाच्या पट्ट्या घालून किंवा तिची बैठक किंचित तासून ती जुळवावी, आणि पुढचा प्रत्येक होल्डर याच मापाला करावा.

काम संपलं की होल्डर डिस्टिल्ड पाण्याने ओल्या केलेल्या कापडाने पुसायचा. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडने चांदीचा पांढरा साका धरतो, आणि स्पिरिटने लाख निघते. पुसताना हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल असू द्या. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टीला कायमची इजा होऊ शकते, आणि होल्डरचं दार उघडताना पन्हळीतला थेंब नेमका चेहऱ्याच्या उंचीवर असतो. मग होल्डर दार आणि स्लाइड उघडी ठेवून अंधाऱ्या जागी उभा वाळवावा, पन्हळ खाली करून.