घरात गांधीलमाशीचं पोळं आहे? हात लावण्याआधी हे वाचा

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की आमचा फोन दिवसभर वाजत असतो. कुणी माळ्यावरचे डबे खाली काढत असतं, कुणी ग्रिलमागे झाडू फिरवत असतं, कुणी वर्षभर बंद असलेली गावाकडची खोली उघडलेली असते. पहिलं वाक्य ठरलेलं, "गांधीलमाश्या झाल्यात, लगेच या." आम्ही पोचतो तेव्हा बरेचदा ती गांधीलमाशी नसतेच. कधी कुंभारणीनं बांधलेलं मातीचं घर असतं, कधी मधमाश्यांचं मोहोळ. तिन्हींचं वागणं वेगळं, धोका वेगळा आणि करायचं कामही वेगळं. म्हणून औषध मारण्याआधी, आणि आम्हाला बोलावण्याच्याही आधी, ते घर कुणाचं आहे एवढं पाहून घ्या.

मातीचं घर दिसलं तर

भिंतीच्या कोपऱ्यात, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे, पुस्तकांच्या फडताळात, कुलपाच्या भोकात वाळलेल्या चिखलाचा गोळा दिसला तर ती कुंभारीण. तिचं काम एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. ओल्या मातीची वाटाण्याएवढी गोळी तोंडात धरून ती येते, पायांनी आणि जबड्यानं ती पसरवून छोटं मडकं घडवते, आणि काही जातींत मडक्याला चक्क गळा आणि बाहेर वळलेली कड असते. मग एकेक अळी डंख मारून बधिर करते, आत भरते, अंडं घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. काही जाती अळ्यांऐवजी कोळी भरतात. कीर्तनात अळी आणि भिंगुरटीचा दृष्टांत आपण ऐकलेला असतो, ध्यास घेऊन अळीच भिंगुरटी होते असा. त्या दृष्टांतामागचं निरीक्षण हेच. मातीच्या घरात अळी गेलेली दिसते आणि काही दिवसांनी आतून कुंभारीण बाहेर येते. खरं तर अळी हे आतल्या पिल्लाचं अन्न असतं.

कुंभारीण एकटी राहते. तिच्या घराला राखणदार नसतात, त्यामुळे ती अंगावर धावून येत नाही. हातात दाबली गेली तरच डंख मारेल. भिंतीवरचं घर राहू दिलं तरी चालतं. नकोच असेल तर ती नसताना पत्र्याच्या पट्टीनं खरवडून काढा, ओल्या फडक्यानं पुसा, झालं. औषधाची गरज नाही आणि या कामाचे आम्ही पैसेही घेत नाही. एक अपवाद आहे. प्लगच्या भोकात किंवा मीटरच्या डब्यात माती भरलेली असेल तर तिथे स्वतः खुपसाखुपशी करू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मेणाचं पोळं म्हणजे मोहोळ

मधमाशीच्या अंगावर लव असते, गांधीलमाशी त्या मानानं गुळगुळीत आणि कंबरेला अगदी बारीक. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली किंवा वरच्या मजल्याच्या सज्जाखाली एकच मोठं, अर्धगोल, माश्यांच्या थरानं काळपट झाकलेलं पोळं लोंबत असेल तर ते आग्या मोहोळ. त्याच्यापासून लांब राहा, खाली धूर करू नका, फटाके लावू नका. किल्ल्यांवर पर्यटकांवर माश्या तुटून पडल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यात मोहोळ डिवचलं गेल्याचं कारण अनेकदा असतं. मोहोळावर आम्ही विष फवारत नाही, तसं काम मिळालं तरी घेत नाही. शेतातल्या आणि बागेतल्या कितीतरी पिकांची फळधारणा या माश्यांवर चालते. मोहोळ जिवंत हलवणारे प्रशिक्षित लोक असतात. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, मधमाशीपालनाचं शिक्षण तिथे मिळतं. आमच्या ओळखीच्या मधपाळांशी आम्ही तुमची गाठ घालून देऊ.

झाडाच्या फांदीवर अचानक माश्यांचा नुसता घोस लटकलेला दिसला आणि पोळं दिसत नसेल, तर तो मुक्कामाला थांबलेला थवा आहे. एक-दोन दिवसांत तो बहुधा आपोआप निघून जातो. तेवढे दिवस मुलांना तिकडे जाऊ देऊ नका.

आता खरी गांधीलमाशी

तिचं पोळं कागदाचं असतं. जुन्या दाराची चौकट, कुंपणाचे खांब, वाळलेली फांदी, जिथे लाकूड उघडं असेल तिथे बसून ती जबड्यानं तंतू खरवडते, लाळेत कालवते आणि त्याचा पातळ करडा पापुद्रा करून सहा बाजूंची घरं बांधते. आपल्याकडे घरात सर्वात जास्त दिसतं ते छोट्या तांबूस किंवा तपकिरी गांधीलमाशीचं पोळं. सज्जाखाली, पेलमेटमागे, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे एका बारीक देठावर उलट्या छत्रीसारखं ते लटकतं. घरांची तोंडं खाली उघडी असतात, बाहेरून कवच नसतं. त्या देठाला काळपट, चकचकीत लेप असतो. मुंग्यांनी पोळ्यात उतरू नये म्हणून माशी तो लावते. पोळ्यावरच्या माश्या एकदम पंख उभारून तुमच्याकडे तोंड करून बसल्या तर समजा की तुम्ही फार जवळ आला आहात. तिथूनच सावकाश मागं व्हा. हात झटकू नका.

दुसरी मोठी गांधील. अंगठ्याच्या पेराएवढी, उडताना घरघर ऐकू येते. एक जात काळी, पोटावर एकच रुंद पिवळाधमक पट्टा. दुसरी विटकरी तांबूस, तोंडावर आणि पोटाच्या मागच्या भागावर पिवळी. काळी-पिवळी जात छोट्या गांधीलमाश्यांची पोळी लुटून त्यांची पिल्लं खाते. मोठ्या गांधिली अनेकदा आडोशाला पोळं करतात, म्हणजे भिंतीच्या पोकळीत, झाडाच्या ढोलीत, जमिनीतल्या बिळात, कौलांखाली. काही जाती झाडावर कागदी कवचाचं भोपळ्यासारखं पोळं बांधतात, त्याला खाली किंवा बाजूला एकच दार असतं. आत किती माश्या आहेत ते बाहेरून कळत नाही, आणि नेमकं म्हणूनच हे पोळं जास्त धोक्याचं. एकच भोक आणि त्यातून सतत येणंजाणं दिसलं तर त्या जागेपासून सगळ्यांना दूर ठेवा आणि आम्हाला कळवा.

मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, ती माणसाच्या कातडीत अडकते आणि माशी मरते. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत असते. ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. शिवाय डंखाबरोबर किंवा माशी चिरडली गेल्यावर जो वास सुटतो तो पोळ्यातल्या बाकीच्यांना हाक मारतो. म्हणून पोळ्याजवळ एकही माशी चपलेनं मारू नका.

पोळं काढायलाच हवं का?

दर वेळी नाही. या माश्या पिकांवरच्या आणि परसातल्या भाजीवरच्या अळ्या उचलून नेतात. पिकलं उंबर फोडल्यावर ज्या बारीक माश्या उडतात त्याही याच मोठ्या गोतावळ्यातल्या, त्यांच्याशिवाय उंबरात बी धरत नाही. बागेच्या टोकाला, माणसांची ये-जा नसलेल्या जागी पोळं असेल तर आमचा सल्ला असतो, राहू द्या. दारावर, जिन्यात, कपडे वाळत घालायच्या दांडीवर, मुलांच्या खेळायच्या जागी, पाण्याच्या मीटरपाशी असेल तर काढावं. घरात कुणाला पूर्वी डंखानंतर अंगभर गांधी उठल्या असतील किंवा धाप लागली असेल तर वाट पाहू नका.

स्वतः काढता येईल अशी एकच अवस्था आम्ही सांगतो. नुकतं सुरू झालेलं, बोटाच्या पेराएवढं, चार-सहा घरांचं, एखादीच माशी असलेलं आणि जमिनीवर उभं राहून लांब काठीनं पोचता येईल असं पोळं. माशी उडून गेली की काठीनं देठ खरवडून पाडा आणि ती जागा साबणाच्या पाण्यानं पुसा. ती परत येऊन एक-दोनदा पुन्हा सुरुवात करेल, तुम्हीही पुन्हा पुसा. पोळं याच्यापुढे गेलं असेल, किंवा त्यासाठी स्टूल वा शिडी लागणार असेल, तर करू नका. शिडीवर डंख बसला की माणूस हात सोडतो, आणि मग पडल्याची इजा डंखापेक्षा मोठी होते.

रॉकेलचा बोळा पेटवणं तर नकोच. गावाकडे ही रीत अजून आहे हे आम्हाला माहीत आहे. पण आता पोळ्याच्या आसपास वायर असतात, पीव्हीसीचे पाइप असतात, सनमायका असतो, गॅसची नळी असते. घरातला डासांचा स्प्रेही पुरत नाही. त्याचा फवारा हातभर जातो, म्हणजे तुम्हाला माश्यांच्या टप्प्यातच उभं राहावं लागतं.

आणि भोक बुजवू नका. एका बंगल्यात न्हाणीघराच्या पाइपशेजारच्या फटीत मोठ्या गांधिलींचं येणंजाणं होतं. मालकांनी संध्याकाळी फटीत फडकं कोंबलं, वरून व्हाइट सिमेंट भरलं. सकाळी गिझरच्या पाइपभोवतीच्या भोकातून त्या आत उतरल्या होत्या आणि घरातल्या आजी न्हाणीघरात होत्या. त्यांना चार डंख बसले. सुदैवानं वेळेवर दवाखान्यात नेलं आणि त्या बऱ्या झाल्या. कोंडलेल्या माश्या दुसरी वाट शोधतात आणि ती वाट पुष्कळदा घरातच उघडते.

आम्ही काम कसं करतो

दिवसा येऊन फक्त पाहणी करतो. काम अंधार पडल्यावर, कारण दिवसभर बाहेर गेलेल्या माश्या तेव्हा पोळ्यावर परतलेल्या असतात आणि अंधारात उडायला नाखूश असतात. दिवसा औषध मारलं तर निम्म्या माश्या बाहेर राहतात आणि परतल्यावर पिसाळतात. सुरुवातीच्या वर्षी आम्ही एकदा डोक्याला पांढरा दिवा बांधून गेलो होतो. उठलेल्या माश्या सरळ दिव्यावर, म्हणजे तोंडावर आल्या. तेव्हापासून लाल कागद लावलेला दिवा बाजूला, जमिनीवर ठेवतो.

त्या वेळी तुम्ही करायचं एवढंच की त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या, खोल्यांतले दिवे मालवा, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. मुलं, कुत्री, मांजरं दुसऱ्या खोलीत. मासे पाळले असतील तर टाकी झाका आणि हवेचा पंप थोडा वेळ बंद ठेवा, कारण आम्ही वापरतो ती पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना फार घातक असतात. पाण्याच्या उघड्या टाकीशेजारी आम्ही फवारणी करत नाही, तिथे वेगळी पद्धत वापरतो. उघड्या पोळ्यावर लांबून फवारा मारून, थोडं थांबून, पोळं पिशवीत काढतो आणि देठ मुळापासून खरवडतो. भिंतीतल्या पोळ्याला दारातून भुकटी सोडतो, एक-दोन दिवस भोक उघडंच ठेवतो, सगळी हालचाल थांबल्यावरच सिमेंट भरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी काही माश्या घिरट्या घालताना दिसतील. रात्री बाहेर राहिलेल्या त्या. पोळं नसल्यानं त्या दोन-चार दिवसांत निघून जातात. काम फसलं असं समजू नका, पण तिथे जाऊन त्यांना हाकलूही नका. आठवड्यानंतरही दिसल्या तर आम्ही पुन्हा येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

आमच्याकडूनच काम करून घ्या असं नाही. पण कुणालाही बोलावलं तरी कीटकनाशक अधिनियम १९६८ खाली लागणारा परवाना पाहायला मागा, आणि औषधाचं नाव बिलावर लिहून घ्या. डब्यावरच्या चौकोनाचा खालचा रंग पाहा. लाल सर्वात विषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा सर्वात सौम्य. घरात लाल रंगाचा डबा उघडणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

डंख बसलाच तर

आधी तिथून लांब जा, शक्यतो बंद खोलीत. मधमाशीची नांगी आत दिसत असेल तर नखानं, कशानंही, पण लगेच काढा, कारण नांगीबरोबरची विषाची पिशवी आत विष सोडत राहते. जागा साबणानं धुवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा. हाताला डंख असेल तर अंगठी आणि बांगड्या सूज यायच्या आत उतरवा. लोखंड घासण्यानं विष उतरत नाही. चुन्यानं कातडी भाजू शकते, तो लावू नका.

डंखाच्या जागेपासून दूर अंगभर गांधी उठणं, ओठ किंवा जीभ सुजणं, आवाज बसणं, धाप, उलटी, चक्कर यातलं काहीही दिसलं तर बर्फ लावत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं मोठा दवाखाना गाठा. मिनिटं मोलाची असतात. पूर्वी काही झालं नव्हतं म्हणून या वेळीही होणार नाही असं नसतं. तोंडात किंवा घशात डंख बसला असेल, किंवा एकाच वेळी पुष्कळ डंख असतील, तर माणूस बरा दिसला तरी न्या. लहान मुलं आणि वयस्कर माणसांना तर थोड्या डंखांतही दाखवा. पुष्कळ डंखांनी मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो आणि तो दिसायला एक-दोन दिवस जातात. लघवी चहासारखी गडद झाली किंवा कमी झाली तर पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि डंखांची गोष्ट आवर्जून सांगा.

आम्हाला कळवताना

पोळ्याचा फोटो लांबूनच, झूम करून काढा. फ्लॅश बंद ठेवा. सेल्फी स्टिक पोळ्याजवळ नेऊ नका. फोटो नीट आला नाही तरी चालेल, पोळं मातीचं, मेणाचं की कागदाचं, माश्या किती मोठ्या, आणि त्या एका भोकातून येतात का, एवढं सांगा. घरात लहान बाळ, दम्याचं कुणी किंवा डंखाची ॲलर्जी असलेलं कुणी आहे का तेही पहिल्याच फोनवर सांगा. अशा घरी आम्ही त्याच संध्याकाळी येतो.