मेंढ्यात मतदान होत नाही

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव आहे. वस्ती 500च्या आसपास. इथल्या ग्रामसभेत हात वर करून मोजणी होत नाही. एकाचाही विरोध असला, तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो.

बाहेरच्याला हा वेळखाऊपणा वाटतो. पण जंगलाच्या दृष्टीने हिशोब वेगळा आहे. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगल आहे. तिथे कुऱ्हाड कुठे चालली, यावर पगारी पहारेकरी किती नजर ठेवणार? बहुमताने हरलेले एक घर नियम मोडायला पुरते. नियम सगळ्यांनीच कबूल केला असेल, तर राखण आपोआप सोपी होते. जंगल, पाणी, कुरणे यांसारखी सामायिक संपत्ती वापरणारेच नियम ठरवतात आणि पाळत ठेवतात तिथे टिकते, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी देशोदेशीच्या उदाहरणांवरून दाखवले. त्यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मेंढ्याच्या सामूहिक वनहक्काला, म्हणजे जंगलावरच्या गावाच्या एकत्रित हक्काला, मान्यता मिळाली तीही त्याच वर्षी.

निर्णयाआधी अभ्यास, ही इथली दुसरी रीत. अभ्यास गटात बाहेरचे जाणकारही बसतात, मात्र निर्णय ग्रामसभेचाच. मधाचे उदाहरण घ्या. आग्या मोहोळ जाळून मध काढला की माश्याही मरतात, अंडी-अळ्याही. खरे तर या पोळ्यात मध वरच्या एका बाजूला साठतो आणि पिल्लांची घरे खाली असतात. तेवढाच मधाचा भाग कापला, तर माश्या तो पुन्हा बांधतात आणि त्याच मोहोळातून परत मध मिळतो.

बांबूचेही तसेच. नवा कोंब एका हंगामात पूर्ण उंची गाठतो, पण तो पक्का व्हायला दोन-तीन वर्षे जातात, आणि रांजीतल्या (बांबूच्या बेटातल्या) जुन्या काठ्या जमिनीखालच्या कंदातून त्याला पोसतात. म्हणून कोवळ्याला हात न लावता आणि काही जुन्या काठ्या राखून तोडणी करायची असते. वनस्पतिशास्त्राला बांबू हे गवत आहे. 1927चा वन कायदा त्याला झाड मानत होता. 2006च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपजात, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणाऱ्या जंगलाच्या मालात, घातले. तरीही बांबू विकायला बाहेर नेण्यासाठी लागणारे वाहतूक परवान्याचे पुस्तक मेंढ्याला मिळायला 27 एप्रिल 2011 उजाडला. ते तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती आले.

गाव लहान आणि बहुतांशी एकाच समाजाचे, म्हणून हे जमले, असा आक्षेप घेतला जातो. तो बरोबरच आहे. 5,000 वस्तीत सर्वसहमती कशी व्हायची? याच जिल्ह्यातल्या कोरची तालुक्याने यावर वाट काढली: निर्णय आपापल्या गावच्या ग्रामसभेत, आणि तेंदू-बांबूचा भाव ठरवताना ठेकेदारापुढे सुमारे 90 गावांची एक महाग्रामसभा.