दगडाचे दात

केळीची कापणी सुरू झाली की रावेर-यावल पट्ट्यातल्या आमच्या शेडमध्ये सकाळपासून विळे येऊन पडतात. "भाऊ, याले धार लाई दे," एवढं सांगून माणूस बाकावर टेकतो. धार लावायचं मशीन काकांच्या काळचं, सहा इंची. एका टोकाला दगड, दुसऱ्या टोकाला बफ, म्हणजे झळाळी देणारं कापडी चाक. रंग पार उडालाय, पण चालू केलं की अजून एकसुरी घुमतं.

आपण दगड म्हणतो खरं, पण तो खाणीतला नव्हे. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे मातीच्या मसाल्यात कालवून भट्टीत भाजतात. मसाल्याची काच होते आणि ती दाण्यांना धरून ठेवते. दाण्याची एकेक कड म्हणजे एकेक दात. लेबलवर 'ए 60 के 5 व्ही' असं काहीसं लिहिलेलं असतं. त्यातला 60 हा दाण्याचा आकार, साधारण पाव मिलिमीटर. 'के' म्हणजे काचेची पकड किती घट्ट, ते. मला या पकडीचं फार कौतुक वाटतं. दात बोथट झाला की त्याच्यावर जोर वाढतो, तो निखळतो आणि मागचा ताजा दात पुढे येतो. कडक पोलाद दात लवकर बोथट करतं, म्हणून त्याला सैल पकडीचा दगड लागतो. मऊ लोखंडाला घट्ट पकडीचा चालतो.

पितळ किंवा ॲल्युमिनियम या दगडावर कधीच धरू नये. मऊ धातू दातांच्या फटीत जाऊन बसतो, मग दगड कापायचं सोडून नुसता रगडतो आणि तापतो. दगडाचं तोंड चकाकायला लागलं की ड्रेसर, म्हणजे दगड खरवडायचं हत्यार, फिरवून वरचा थर काढायचा. दोन मिनिटांचं काम, पण दगड नव्यासारखा कापू लागतो.

आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेवर ही मोटर मिनिटाला साधारण 2850 फेरे घेते. म्हणजे सहा इंची दगडाची कड ताशी 80 किलोमीटरने धावते, हायवेवरच्या एसटीसारखी. वेग दुप्पट झाला तर दगडाला फाडू पाहणारा ताण चौपट होतो. म्हणून दगडावर छापलेला कमाल वेग मोटरच्या वेगापेक्षा जास्तच हवा. आणि नवा दगड बसवण्याआधी तो वाजवून बघायचाच. उन्हाळ्यात बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारतो, तसंच. दगड बोटावर अडकवून स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोकायचा. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर आत तडा आहे, तो फेकून द्यायचा. दोन्ही बाजूंचे पुठ्ठ्याचे वॉशर काढू नयेत, फ्लँजचा, म्हणजे दगड दोन्हीकडून आवळणाऱ्या धातूच्या चकत्यांचा, दाब त्यांच्यामुळे सगळीकडे सारखा पडतो. डाव्या टोकाच्या नटाचे आटे उलटे असतात, नाहीतर फिरताना तो सैल झाला असता. ज्यावर विळा टेकवून धरतो तो टेकू दगडापासून 3 मिलिमीटरच्या आत ठेवावा, जास्त फट राहिली तर विळा आत ओढला जातो. पहिलं मिनिटभर दगडासमोर उभं राहू नये. चष्मा लावल्याशिवाय तर हात लावूच नये.

आमच्याकडचे लोहार विळे बहुधा ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचे करतात. त्या पोलादात कार्बन भरपूर असतो. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. पाट्याच्या ठिणगीला टोकाला फुलबाजीसारखे फाटे फुटतात. तो तिच्यातला कार्बन जळत असतो. ठिणगी बघून माल ओळखायला मी इथेच शिकलो.

घाईत मी एकदा एका विळ्याचं पातं जरा जास्त वेळ दाबून धरलं. कड आधी पिवळसर, मग जांभळी, मग निळी झाली. हे रंग म्हणजे पोलादावर चढणारा ऑक्साइडचा पातळ थर. पिवळा सुमारे 220 अंशांना येतो, निळा 300 च्या आसपास, आणि निळ्यापर्यंत पोलादाचं कडकपण बरंच उतरलेलं असतं. तो विळा दोन दिवसांत परत आला, धार मुडपली होती. निळा भाग पूर्ण घासून काढला तेव्हा कुठे धार टिकली. तेव्हापासून पाण्याचा डबा हाताशी असतो, आणि नुसत्या बोटांनी धरलेलं पातं चटका देण्याआधीच पाण्यात जातं. ओलं पातं मात्र पुसूनच पुन्हा धरायचं. दगड पाणी पितो, बंद मशीनवर ते खाली उतरून साचतं आणि सकाळी दगड थरथरतो.

बफचं काम वेगळं. कापसाच्या कापडाच्या चकत्या शिवलेल्या असतात, दात असतात ते साबणात, म्हणजे बफला लावायच्या पॉलिशच्या वडीत. जळगावच्या सराफ बाजारात सोन्याला अखेरची झळाळी देणारं लाल रूज म्हणजे आयर्न ऑक्साइड, शुद्ध केलेला गंजच. वस्तू नेहमी बफच्या मध्याच्या खाली धरायची, म्हणजे निसटली तरी खाली, आपल्यापासून दूर जाते. हातमोजे, गळ्यात उपरणं, सैल बाही, काही नको. कापड गुंडाळलं की हात सोबत जातो. आमच्या मशीनवर दगड नि बफ शेजारी असल्यानं बफचा उडालेला कापूस रोज झाडून काढतो. त्यावर ठिणगी पडली तर आग लागायला वेळ लागत नाही.

संध्याकाळी स्विच बंद केला की मी मनात सेकंद मोजतो. पूर्वी दगड 40 पर्यंत फिरत राहायचा. गेल्या पावसाळ्यानंतर 15 वरच थांबायला लागला, आणि खर्रखर्र आवाज. बेअरिंग उघडून पाहिलं तर ग्रीसमध्ये काळ्या मातीचा गाळ. दोन्ही बेअरिंग बदलली. आता रात्री मशीनवर जुनं धोतर टाकतो, आणि काल मोजले तेव्हा 38 भरले.