हेडसेट काढता येत नाही तेव्हा : एका भयकथेची पार्श्वभूमी

व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) उपचारांत रुग्णाला हेडसेटमधल्या आभासी जगात त्याच्या भीतीसमोर उभं करतात. त्यांच्यावरची भयकथा बहुतेक वेळा एकाच जागी येऊन पोचते. रुग्णाच्या डोळ्यांवर हेडसेट आहे, ज्याची धास्ती तेच समोर उभं आहे, तो ‘थांबवा’ म्हणतो आणि कुणी थांबवत नाही. यंत्र नवं असलं तरी ही भीती जुनी आहे. तिचा माग काढायचा तर आधी एका सशापाशी जावं लागतं.

१९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, तीन वर्षांचाही नसलेल्या मुलाची सशाची भीती घालवली. मुलगा खायला बसला की ससा लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. दक्षिण आफ्रिकेचे जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या पुस्तकात याची रीतसर पद्धत मांडली. भीतीच्या पायऱ्या लावा, अंग सैल सोडायला शिकवा आणि मनातल्या मनात एकेक पायरी चढवा. पण मनात हुबेहूब चित्र उभं करणं सगळ्यांना जमत नाही. व्हीआर कामाला आलं ते इथे. डोक्यावर बसवायचा पडदा आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्येच केला होता. उंचीला घाबरणाऱ्यांना आभासी पूल, गच्च्या आणि काचेची लिफ्ट दाखवून बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मात्र १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी हेलिकॉप्टर आणि जंगलही उभं राहिलं.

सशापासून हेलिकॉप्टरपर्यंत एक गोष्ट बदलली नाही. पुढची पायरी रुग्णाला झेपेल तेव्हाच, आणि त्याने म्हटलं की थांबायचं. भयकथा नेमकं हेच काढून घेते, म्हणून ती लागते.

साहित्य तर यंत्राच्याही आधी तिथे पोचलं होतं. रे ब्रॅडबरी यांच्या १९५० च्या कथेत मुलांच्या खोलीच्या भिंतींवर त्यांच्या मनातलं जग उमटतं. अशा खोल्यांचा एक मूळ हेतू मुलांच्या मनाचा अभ्यास करून त्यांना मदत करणं हाच होता, असं कथेतला मानसशास्त्रज्ञ सांगतो. आईवडिलांचा शेवट होतो तो त्याच खोलीतल्या सिंहांच्या तोंडी. १९६५ मध्ये रॉजर झेलाझ्नी यांनी रुग्णाच्या स्वप्नात शिरून ते घडवणारा मानसोपचारतज्ज्ञ रंगवला. अखेर तोच तिथे अडकतो.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो मात्र खराखुरा प्रयोग. सतत आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांसाठी लंडनच्या ज्युलियन लेफ यांनी एक उपचार शोधला. छळणाऱ्या आवाजाला रुग्ण स्वतः संगणकावर चेहरा देतो आणि त्या चेहऱ्यामागून, बदललेल्या आवाजात, डॉक्टरच बोलतात. रुग्ण उलट बोलायला शिकतो, चेहरा हळूहळू नमतं घेतो. याची पहिली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘कोण आहेस? काय पाहिजे?’ असं अंगातल्या भुताला विचारणारा मांत्रिक आपल्याकडे कुणाला परका नाही. पण तिथे उत्तर मारून काढलं जायचं. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा ठरवणारा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदाही २०१३ चाच. दोन्हीकडे भुताला बोलतं केलं जातं; फरक फक्त बाधितावर जबरदस्ती होते की नाही एवढाच, आणि तो फरक प्रचंड आहे.

नागपूरच्या वाचकाला ही जबरदस्ती पुस्तकात शोधावी लागत नाही. इथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ चं. जवळच्या चौकाला लोक अजून पागलखाना चौकच म्हणतात. ऑटोवाल्याला पत्ता सांगताना मीही तेच म्हणते, आणि दरवेळी जीभ अडखळते. रुग्णाला साखळीने बांधायला आणि भूल न देता विजेचे झटके द्यायला स्पष्ट मनाई करणारा मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे. म्हणजे हेडसेट आला तरी आपल्या मनातली उपचाराची खोली अजून त्या जुन्या भिंतींचीच आहे.

नारायण धारपांनी मराठी वाचकाला अमानवी शक्तींची भीती दिली, रत्नाकर मतकरींनी रोजच्या घरातली. पुढची कथा इथली असावी असं फार वाटतं, कारण तिचं सामान आपल्या रस्त्यावर आहे. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवत निघतात. काळीची परंपरा १८८१ पासूनची सांगतात. रोगराईला अंग, डोळे, रंग द्यायचा, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत मिरवायचं आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं. भीतीला चेहरा देऊन सामोरं जाण्याचा हा उपचार अख्खं गाव मिळून करतं. आता हीच मारबत एकट्या माणसाच्या हेडसेटमध्ये उभी करा. ओरडायला गर्दी नाही, न्यायला गावाची वेस नाही, आणि काडी दुसऱ्याच्या हातात आहे.