उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास भाडेकरूंच्या संस्थेमार्फत : पात्रता, कागदपत्रे आणि मुदत

मुंबई शहरातील उपकरप्राप्त, म्हणजेच दुरुस्तीसाठी उपकर (सेस) भरणाऱ्या जुन्या इमारतीच्या मालकाने पुनर्विकासाकडे पाठ फिरवली, तर ती संधी भाडेकरूंच्या सहकारी संस्थेला देणारी तरतूद म्हाडा कायद्याच्या कलम ७९-अ मध्ये आहे. हे कलम आणणाऱ्या २०२० च्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती २०२२ मध्ये मिळाली. हक्क मोठा आहे. तरीही अनेक इमारतींची मुदत कागदपत्रे जुळवण्यातच निघून जाते.

आधी इमारत धोकादायक ठरली पाहिजे : एकतर मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५४ ची महापालिकेची नोटीस हवी, नाहीतर सक्षम प्राधिकाऱ्याने ती मोडकळीस आल्याचे घोषित केलेले हवे. हाच कागद बहुतेकांकडे नसतो. नोटीस जिन्यात चिकटवली जाते, पावसात भिजते आणि तिची प्रत कोणी जपून ठेवत नाही. ती माहिती अधिकारात मागून घ्यावी, कारण अशा घोषणेशिवायच काढलेल्या ७९-अ च्या शेकडो नोटिसांवर मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये गंभीर आक्षेप घेतला. पाया कच्चा असेल तर वरची सारी धावपळ फुकट जाते. प्रस्तावापूर्वी या विषयावरील ताजे आदेश वकिलाकडून तपासून घ्यावेत.

मुदतीचा घोळ सर्वाधिक होतो. पहिले सहा महिने मालकाचे असतात. त्याने ५१ टक्के भाडेकरूंच्या संमतीसह प्रस्ताव दिला नाही, तर म्हाडाचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला नोटीस देते आणि पुढील सहा महिने संस्थेला मिळतात. या काळात ‘आम्ही तयार आहोत’ एवढे पत्र देऊन भागत नाही. ५१ टक्के भाडेकरूंच्या अपरिवर्तनीय, म्हणजे मागे न घेता येणाऱ्या, संमतीपत्रांसह प्रस्ताव द्यावा लागतो. तो गेला नाही, तर मंडळ स्वतः भूसंपादन करून पुनर्विकास करू शकते. तेव्हा भाडेकरूंचे घर जात नाही, पण विकासक आणि आराखडा निवडण्याचा त्यांचा अधिकार जातो. म्हणून मालकाची मुदत चालू असतानाच कागद जमवायला घ्यावेत. नियोजित संस्था या टप्प्यावर नोंदणीकृत नसली तरी चालते.

भाडेकरू १३ जून १९९६ पूर्वीचा असावा लागतो. त्यानंतर निर्माण झालेली नवी भाडेदारी धरली जात नाही. पुरावा म्हणून त्या काळची भाडेपावती, वीजबिल, मतदारयादीतील नोंद, शिधापत्रिका आणि आजच्या वास्तव्याचे कागद लागतात. खरी अडचण पावतीवरील नावाची. पावती आजोबांच्या नावाने, वीजबिल वडिलांच्या नावाने, राहतो नातू आणि मालक नाव बदलून देत नाही, हे चित्र गिरगावापासून लालबागपर्यंत दिसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो. त्यामुळे मृत्यूचा दाखला, एकत्र राहत असल्याचा पुरावा आणि इतर वारसांचे नोटरी केलेले ना-हरकत प्रतिज्ञापत्र वेळीच तयार ठेवावे. भावंडांत एकमत नसेल तर न्यायालयात जावे लागते, आणि तो निकाल सहा महिन्यांत हाती पडेल अशी आशा कोणी धरू नये. भाड्याची पावती देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. तो भाडेच घेत नसेल तर मनीऑर्डरने पाठवावे आणि परत आलेल्या मनीऑर्डरीची पावतीही जपावी.

संमतीपत्रावर सही करताना घाई करू नये. विकासकाचा माणूस कोरा छापील कागद घेऊन दारात येतो आणि म्हातारी माणसे विश्वासाने अंगठा देतात. त्या सह्यांवर विरुद्ध बाजूचा प्रस्ताव उभा राहू शकतो.

संस्थेच्या प्रस्तावात मालकाचा मोबदला धरावाच लागतो : जमिनीच्या रेडीरेकनर (सरकारी दरपत्रकातील) मूल्याच्या २५ टक्के किंवा विक्रीयोग्य बांधकामाच्या १५ टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते. निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र (कार्पेट एरिया) मिळते.

याच कायद्यातील प्रकरण आठ-अ वेगळे आहे. १९८६ च्या त्या तरतुदीत ७० टक्के रहिवाशांची संमती आणि मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम भरून इमारत संस्थेकडे घेण्याची सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेला निकाल या तरतुदीला मालकांनी दिलेल्या आव्हानातून आलेल्या घटनात्मक प्रश्नावर होता. दोन्ही तरतुदींच्या टक्केवाऱ्या एकत्र करून अर्ज लिहू नये. कोणत्या कलमाखाली मागणी आहे ते पहिल्याच ओळीत लिहावे आणि प्रस्ताव देताच तारीख व आवक क्रमांक असलेली पोच हातात घेऊनच कार्यालयातून निघावे.